एका वस्तूला एकच खण

हे कोणालाच पटणार नाही, आणि पटावं म्हणून मी सांगतही नाही. पण बालाघाटात दुलीचंदच्या चहाटपरीला लागून जे फ्लेक्सचं दुकान आहे, तिथं बसून मी एका अख्ख्या कॉम्प्युटरच्या पोटातलं सामान खणाखणांत लावून दिलं आहे. मी म्हणजे चैतराम पेंटर. माऊस पहिल्यांदा हातात दिला तेव्हा ज्यानं तो ओल्या ब्रशासारखा झटकला होता, तोच.

परवा दुपारी टपरीवर मी एवढंच बोललो, तर दुलीचंदनं चहाची गाळणी तशीच हवेत धरली.

"काका, चाय प्या अन् सुधं बोला."

"सुधंच बोलून राह्यलो. तू आपला अद्रक ठेच."

बाकावर लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाला प्रेमलाल बसला होता, आणि त्याच्या पलीकडे आम्रपाली. आम्रपाली म्हणजे फ्लेक्सवाल्या महेंद्रची लहान बहीण, किरनापूरला दिलेली. भावाला भेटून निघाली होती आणि गाडीला अवकाश होता. या दोघांची माय पौर्णिमाबाई माझ्या गावची लेक, म्हणून दोघंही मला मामा म्हणतात. पौर्णिमाबाई गेल्या माघात गेली. महेंद्र तिला भेटून, दुकानाची किल्ली तिच्यापाशी देऊन शाईचे डबे आणायला गोंदियाला गेला होता, म्हणून मला मोकळेपणानं बोलता येत होतं.

"मामा, आधी फाटकाची सांगा ना," आम्रपाली म्हणाली. तिला माझ्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत, तरी हसते बिचारी.

फाटकाची म्हणजे अशी की, किरनापूरच्या रस्त्याला एका भिंतीवर मी रेल्वेचं बंद फाटक रंगवलं होतं. इतकं हुबेहूब, की एक ट्रकवाला येऊन थांबला. तो आजही थांबला आहे. तिथंच त्याचं लग्न झालं, लेकरं झाली, आता त्याचा पोरगा रोज सकाळी खाली उतरून गाडी गेली का ते पाहतो.

"अन् पोलिस?" प्रेमलालनं विचारलं.

"थे बी त्याच्या मागं रांगेत. हॉर्न वाजवून राह्यले."

सगळे हसले. हसू द्यावं. हसलेला माणूस पुढचं ऐकतो.

तर कॉम्प्युटर. महेंद्रच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चोरीची सिस्टीम होती. ऐन इलेक्शनच्या घाईत ती पडदा काळा करून बसायची. कंटाळून त्यानं लिनक्स धरलं. लिनक्स म्हणजे काय, हे त्यानं मला एका दमात सांगितलं होतं. "मामा, हे असं घर हाय का, त्याच्या भिंती कोणी बी पाडाव्या, कोणी बी बांधाव्या, अन् घरमालक नाही."

"मंग सफेदी कोण करते?"

"ज्याले हौस हाय, थो."

हौस महेंद्रला होती. त्यानं ठरवलं की आपणच एक घर बांधायचं, फक्त कलावंतांसाठी. चित्र काढणारे, बॅनर बनवणारे, दंडारीच्या खेळात गाणारे, शूटिंगवाले, साऱ्यांना लागेल ते सामान आत भरलेलं. एक पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर त्यावरच सुरू व्हायला पाहिजे आणि फुकट वाटता आलं पाहिजे. नाव ठेवलं 'मांडव'. मांडवात कोणीही येऊन बसावं.

लोकांना तो एवढंच सांगायचा. मला त्यानं खरं कारण सांगितलं होतं, कारण मला ते आधीच कळलं होतं.

पौर्णिमाबाई गाणी बांधायची. लहानपणी धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करता करता, नंतर जयंतीला, विहारात, कुणाच्या बारशाला. लिहिता येत नव्हतं, आणि लिहायची तिला गरजही नव्हती; एकदा बांधलं की गाठ सुटायची नाही. लग्न होऊन बालाघाटात आली तरी आमच्या गावच्या बायका तिचीच गाणी म्हणायच्या. त्यांतलं एक होतं:

चिखलात पाय माहे, हाती धानाची वं पेंडी,
लेक शायेत बसली, माही वर झाली मुंडी.

पुढची कडवी बरीच होती. मला एवढंच येतं.

तुम्ही म्हणाल, मोबाईल नव्हता का? होता, साऱ्यांपाशी होता. पण घरातलं माणूस रोज समोर बसून गात असलं तर त्याचा आवाज मोबाईलमध्ये कोण भरून ठेवतो? जयंतीच्या मिरवणुकीचा एक व्हिडिओ आहे. त्यात पौर्णिमाबाई पांढऱ्या पातळात पुढं चालते आहे, तोंड हलतं आहे, आणि आवाज सारा डीजेचा. तो व्हिडिओ पाहिला त्या दिवसापासून महेंद्रच्या डोक्यात एकच घुसलं. मायचं गाणं नीट भरून घ्यायचं, चांगल्या माइकवर, एकेक शब्द ऐकू येईल असं. बाकी सगळा मांडव त्याच एका गाण्यावर घातला होता, असं समजा.

आता मांडवात सामान आलं. त्या सामानाला ते लोक पॅकेज म्हणतात. रंगवायचं वेगळं, अक्षरं कापायचं वेगळं, फोटो उजळायचं वेगळं, आवाज भरायचं ऑडॅसिटी म्हणून एक. जमवता जमवता इतकं झालं की मे महिन्यात कॉम्प्युटर तापून लाल झाला. मग आम्ही तो दोरानं बांधून हट्टा गावच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, हट्ट्याच्या बावडीत, सोडला.

"हट्ट्याच्या बावडीत?" दुलीचंद.

"हौ. डबा खाली गारव्याले, पडदा वर पायरीवर. लाइट घेतली रखवालदाराच्या खोलीतून. काम चांगलं झालं, फक्त वर काढला तवा आत बेडूक. नंतर कोणतं बी गाणं लावा, मागून डराव डराव."

"अन् बेडूक कसा काढला?"

"ऑडॅसिटीनं. त्याच्यात नोको तो आवाज पुसता येते."

आम्रपाली पदर तोंडाला लावून हसत होती. मला बरं वाटलं. भावाच्या दुकानातून निघाली तेव्हा तिचा चेहरा काही चांगला नव्हता.

पण सामान लावायचं कसं? महेंद्रनं आधी जगभर लावतात तसंच लावलं. ग्राफिक्सचा खण, ऑडिओचा खण, व्हिडिओचा खण, ऑफिसचा खण. आणि प्रेमलालला बसवलं की चालवून पाहा. प्रेमलाल अर्धी दुपार 'लग्न' शोधत होता.

"शोधीन नाही तं काय," प्रेमलाल बाकावरून म्हणाला. "मले लग्नाचं काम होतं. ऑडिओ, व्हिडिओ, मले काय मालूम नवरदेव कोणत्या खणात बसते."

तेव्हा मी महेंद्रला म्हटलं, तुझ्या दुकानात जो येतो तो काय म्हणतो? मले ग्राफिक्स पाहिजे, असं म्हणतो का? तो म्हणतो लग्नाचं आहे, जयंतीचं आहे, तेरवीचं आहे. मी सारा जन्म भिंती रंगवल्या. माणूस रंग मागायला येत नाही, त्याच्या घरी काहीतरी झालेलं असतं म्हणून येतो. खण तसे कर.

महेंद्र माझ्याकडे बघतच राहिला. मग उठून दोन चहा सांगून आला.

तसे खण केले. लग्नाचा, बारशाचा, जयंतीचा, दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते तिचा, इलेक्शनचा. आणि एक गेलेल्यांचा. त्याच्या नावावरून वाद झाला. तेरवी लिहिलं तर बौद्ध घरातला माणूस म्हणेल आमच्यात पुण्यानुमोदन असतं, पुण्यानुमोदन लिहिलं तर दुसरा म्हणेल हे काय. शेवटी नावच नको ठरलं, फक्त चित्र. सगळ्या खणांची चित्रं मीच काढली. लग्नाला मुंडावळ्या, बारशाला पाळणा. गेलेल्यांच्या खणाला हार घातलेला फोटो काढला, आत माणूस नाही, नुसती चौकट आणि झेंडूचा हार. फार सुंदर जमला होता. झेंडू तर असा की बकरी पडद्याला तोंड लावायची.

महेंद्र म्हणाला, "मामा, एकेका पॅकेजच्या कपाळावर एक ओळ राहते. थे कोणत्या खणात दिसावं, थे त्याच्यात लिवतात. तीन खणांचं नाव लिवलं तं तीन्ही जागी दिसते."

आणि तसं त्यानं करून पाहिलं. आवाज भरायचं यंत्र, म्हणजे तेच ऑडॅसिटी, लग्नात ठेवलं, जयंतीत ठेवलं, गेलेल्यांतही ठेवलं. प्रेमलालनं लग्नाच्या खणातून उघडून कुण्या नवरीच्या आजीचे आशीर्वाद भरले, आणि दुसऱ्या दिवशी जयंतीच्या खणातून उघडून ते शोधत बसला. त्याला वाटलं ही तीन वेगवेगळी यंत्रं आहेत. आजी पुन्हा बोलायला तयार नव्हती.

"काका, ते काहून काढता आता," प्रेमलाल म्हणाला.

मग मी नियम केला. एका वस्तूला एकच खण. दुकानात तेलाचा डबा तीन ठिकाणी ठेवत नाहीत. ज्या प्रसंगाला जी वस्तू जास्त लागते, त्या खणात ती जाईल, मग पुन्हा हलणार नाही. महेंद्रनं मान हलवली. नियम फार चांगला होता. आजही चांगला आहे.

आता आवाजाचं यंत्र कुठं? विचार करून पाहा. लग्नात गाणी तयार मिळतात. जयंतीला गाणारे गोंदियाच्या स्टुडिओतून भरून आणतात. महेंद्रच्या दुकानात आवाज घेऊन कोण येतं? ज्याच्या घरचं माणूस गेलं, तो. हातात जुनी कॅसेट, नाही तर मोबाईलवर राहिलेला एखादा निरोप. "याच्यातली खरखर काढून द्या, बाबाचा आवाज हाय." बिरस्याहून एक गृहस्थ आला होता. त्याच्या बापानं फोनवर फक्त 'बैलाले पाणी दाखवजो' एवढं म्हटलं होतं. तेवढंच साफ करून घेतलं आणि दुकानात उभ्यानं पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. तेव्हा यंत्र कुठं जाणार? हाराच्या फोटोच्या खणात. मीच सांगितलं, महेंद्रनं लिहिलं, दोघांनाही ते बरोबर वाटलं.

पावसाळा होता, वर्षावासाचे दिवस. एका दुपारी पौर्णिमाबाई विहारातून थेट दुकानात आली, गायला. महेंद्रनं छपाईचं यंत्र बंद केलं, पंखा बंद केला, दुलीचंदला हात जोडून सांगितलं की घटकाभर गिलास आपटू नको.

"हौ, मी तं स्टोव्ह बी बंद केलता," दुलीचंद म्हणाला.

माइक प्रेमलालचा. आम्रपाली माहेरी आलेली होती, ती मायच्या मागं उभी. पौर्णिमाबाईनं घोटभर पाणी घेतलं, पातळ सारखं केलं, घसा साफ केला. महेंद्रनं हाराच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हे काय होय?" पौर्णिमाबाई म्हणाली.

"काही नाही माय. आवाजाचं यंत्र याच्या आत हाय."

"हार काहून घातला?"

"मामानं काढला थो. गेलेल्यायचे आवाज अथी राहतात."

"अन् मले अथी बसवून राह्यला तू?"

महेंद्र हसला. "माय, तू तं अपशकुन मानत नाही! विहारात तूच सांगत राहते बायायले."

"नाहीच मानत. आज बी सांगीन. पण मानत नाही म्हणून का जित्या माणसानं हाराच्या चौकटीत बसून गावं?" ती उठली. रागानं नाही, विहारातून उठावं तशी, पातळ झटकून. "मी जयंतीत गाते, बारशात गाते. मले जितायच्या खणात बसव. खण बदल, मंग बलाव."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चैतरामभाऊ, झेंडू मात्र चांगला काढला गा."

ती गेली. महेंद्र तिथल्या तिथं कळफलकावर वाकला. "मामा, दोन मिनिटाचं काम हाय. ही ओळ बदलवतो अन् जयंतीत टाकतो. माय कोपऱ्यापर्यंत बी पोचली नसन."

आणि मी त्याचा हात धरला.

मी म्हटलं, "आज मायसाठी हलवशीन. उद्या प्रेमलाल म्हणीन लग्नात टाक. परवा दुसरा येईन. मंग खण केले कायले? जे लोक आधीच पेनड्राइव्ह घेऊन गेले, ते शोधत बसतीन."

"पण माय..."

"माय का पळून जाऊन राह्यली का? समजावू तिले. नाही तं पुढच्या आवृत्तीत पाहू, साऱ्यांसाठी एकदमच."

दुसऱ्या कुणी धरला असता तर महेंद्रनं हात झटकला असता. मी मायच्या गावचा, मामा. त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "बरं. दिवाळीनंतर नवी आवृत्ती काढतो."

तेव्हा मला फार मोठं वाटलं होतं. भिंतीवरची ओळ मी कधी वाकडी जाऊ दिली नाही, ही तरी का जाऊ द्यावी, असं वाटलं होतं. पौर्णिमाबाई मधे एकदा बाजारात भेटली, भाजीची पिशवी हातात. "काहो भाऊ, बदलला का खण?" मी म्हटलं, "होईन, होईन, मंडई होऊ दे." ती म्हणाली, "तुमचा मांडव तुम्ही जाणा बापा," आणि कांदे निवडायला लागली. निवडता निवडता गुणगुणत होती. काय गुणगुणत होती ते मी ऐकलं नाही. मला घाई होती, एका शटरवर अक्षरं काढायची होती.

इथपर्यंत आलो तेव्हा टपरीवर कोणी हसत नव्हतं. दुलीचंदचा चहा उतू गेला आणि त्यानं भांडं उचललंही नाही. प्रेमलाल चपलेनं माती उकरत होता. आम्रपाली रिकामा गिलास दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहत होती. तिच्याकडे पाहत पुढचं सांगायचं होतं.

"मंग?" प्रेमलाल हळूच म्हणाला.

"मंग काय," मी म्हटलं. "मंडईचा दुसरा दिवस. मी दुकानात एकटा. पाहतो तं पौर्णिमाबाई दारात. स्वतः चालत आली. म्हणाली, भाऊ, तुह्या हातानं घातलेला हार तूच पूस."

"अन् पुसला?"

"पुसला ना! एकेक झेंडू पुसला. त्या जागी धानाची पेंडी काढली, हिरवीगार. तिले दाखवली. पाह्यलं तिनं, मान हलवली, बसली माइकसमोर. मी पंखा बंद करतो म्हटलं तं म्हणाली, राहू दे, पंख्यानं का होते. अन् जे गायली, बापा! पुरं गाणं. चिखलात पाय माहे, तिथून जे निघाली ते साऱ्या कडव्यांसकट. मी तं लहानपणी बी एवढी कडवी ऐकली नव्हती. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. छपाईचं यंत्र बंद होतं, तं ते आपलं आपणच सुरू झालं अन् त्याच्यातून फ्लेक्स निघाला, त्याच्यावर सारी बांधी, सारा रोवणा, बायायची रांग, अन् रांगेत पौर्णिमाबाई, सोळा वर्षांची. गाणं संपलं तवा म्हणाली, झालं का रे भाऊ, भरलं का? मी म्हटलं भरलं. म्हणाली, मंग ठेव, लेकरायले होईन. हाय ना अजून बी, कॉम्प्युटरमध्ये. महेंद्र कोणाले ऐकवत नाही एवढंच. पण हाय. साफ हाय, एकेक शब्द..."

"मामा."

आम्रपाली मोठ्यानं बोलली नव्हती, तरी रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला वळून पाहायला लागला. तिनं गिलास बाकावर ठेवला.

"मंडईच्या आधीच माय लकव्यानं पडलती. तोंड वाकडं झालतं, मी चमच्यानं पाणी पाजत होती तिले. माह्यं नावसुद्धा घेता येत नव्हतं, गाईन कोठून? तुम्ही बी आलते पाहाले, उंबऱ्यातूनच वापस गेलते. दुसरं काही बी सांगा मामा, मी हसीन. हे नोका सांगू. आत्ता दुकानातूनच आली मी, अन् थो हाराचा खण उघडूनच आली. साऱ्या बालाघाटच्या माया हायेत त्याच्यात. आमची नाही. खोटं बोलून राह्यले तुम्ही."